'फादर झाला असता तर मांडव घातला असता'

पत्र थोडक्यात असं: वसई पट्ट्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलंय. वय ५८. मिस्टर बँकेतून रिटायर झालेत, मुलगी लग्न होऊन कॅनडात, मुलगा २७ वर्षांचा, इंजिनियर, ऐरोलीला आयटीत. ईस्टर झाल्यावर एका रात्री त्याने जेवताना सांगितलं की त्याला केरळातल्या एका मठात जायचंय, कायमचं. वडिलांनी ताट सारलं, ते अजून त्याच्याशी बोलत नाहीत. दोनदा आठ-आठ दिवस तो तिथे राहूनही आलाय, घरी 'ट्रेकला जातो' सांगून. आई लिहितात, "आमच्या घराण्यात एक फादर आहेत, दोन सिस्टर आहेत, आम्ही देवाच्या विरोधात नाही. फादर झाला असता तर मांडव घातला असता, बँड लावला असता. फादर लोकांच्या उपयोगी पडतो. पण चार भिंतींत बसून नुसती प्रार्थना करायची, ह्याला काय सेवा म्हणायचं? दोन वर्षांपूर्वी त्याचं एका मुलीबरोबर जमलेलं मोडलं, त्याचाच हा राग असेल असं वाटतं. फ्लॅटचं कर्ज त्याच्या नावावर आहे. आमचं म्हातारपण कोण बघणार? मी त्याला अडवू का? की अडवणं पाप आहे?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मांडवापाशी अडकले. बहुतेक जण असलं वाक्य लिहून खोडतात, तुम्ही ठेवलंत, म्हणून तिथूनच सुरू करते, राग मानू नका. मुलगा देवाला द्यायची तुमची तयारी होती, फक्त तो दिलेला दिसायला हवा होता. फादर झाला की दीक्षेचा दिवस, मिरवणूक, पहिली मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना, जी फादरच करतात), आणि मग जन्मभर 'फादरची आई' ही ओळख. मठात गेलेल्याच्या आईला गाव काय विचारणार? 'काय गं, तुझा मुलगा हल्ली दिसत नाही?' एवढंच. हे दुखणं खोटं नाहीये, अजिबात नाही. पण ते 'उपयोग' या शब्दाखाली झाकून ठेवलंत तर तुम्ही उपयोगावरून भांडत राहाल, तो उपयोगावरून उत्तरं देत राहील आणि तू मला रोज दिसणार नाहीस म्हणून मला रडू येतंय, ही खरी गोष्ट तशीच राहून जाईल.

मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे तुमच्या धर्मातलं तुम्हाला शिकवायला बसले तर तुम्ही हसाल. पण अशी पत्रं आली की ओळखीतल्या फादर-सिस्टर मंडळींना फोन करून करून पिडते, आणि त्यातून एक घोळ माझ्याही डोक्यातला सुटला तो सांगते. आपल्या गावच्या चर्चमधले फादर हे धर्मप्रांताचे असतात, बिशपांच्या हाताखाली, दर काही वर्षांनी बदली. जेजुईट, फ्रान्सिस्कन, सालेशियन हे संघांचे, काम नेईल तिकडे जाणारे. मठवासी हा प्रकारच वेगळा. तो एका घराचा असतो. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठात कसं राहावं याचे नियम लिहिले, ७३ छोटी छोटी प्रकरणं, आणि बेनेडिक्टाईन, सिस्टर्शियन, ट्रॅपिस्ट हे सगळे अजून त्यावरच चालतात. त्यांचं एक व्रत असं असतं की याच मठात, याच माणसांबरोबर, मरेपर्यंत राहीन. म्हणजे बघा, तुमच्या मुलीचा कॅनडातला पत्ता आजवर किती वेळा बदलला ते तुम्हालाच माहीत, ह्याचा पत्ता मात्र कधी बदलायचा नाही. हे बोलायला सोपं आहे हे मला कळतं, पण खरंही आहे.

आणि मठातला प्रत्येक जण फादर नसतो. बरेचसे ब्रदर असतात, म्हणजे व्रतं घेतलेले पण फादरची दीक्षा न घेतलेले, आणि ब्रदर म्हणजे अर्धवट राहिलेला फादर नव्हे. बेनेडिक्टने तर लिहून ठेवलंय की एखादा फादर मठात यायचं म्हणाला तर त्याला पटकन हो म्हणू नका, आणि घेतलंच तर नियमातून सूट मिळेल या भ्रमात त्याला ठेवू नका. तुम्ही वसईच्या, तर तुम्हाला हे मी सांगायला नको, पण सांगतेच, संत गोन्सालो गार्सिया फादर नव्हते. ब्रदरच होते. मठवासी नाही, फ्रान्सिस्कन होते, पण ब्रदर. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीला क्रुसावर गेलेल्या २६ जणांमधले, आणि १८६२ साली चर्चने संत म्हणून जाहीर केले ते. वसईच्या ह्या पोराने मिस्सा कधी केली नाही आणि तरी त्याचा सण आपण करतोच ना?

आता 'नुसती प्रार्थना'. तुमच्या घरी संध्याकाळी रोझरी होत असेल, वसईत ज्या ज्या घरी मी जेवले तिथे ती झाल्याशिवाय ताटं मांडली जात नाहीत. तिचा उपयोग काय, असं कोणी तुम्हाला विचारलं तर? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला. तेच. तो प्रश्न घरातल्या अर्ध्या तासाला लागत नाही आणि मुलाच्या आयुष्याला मात्र लागतो, कारण मुलाचं आयुष्य आपण खर्चात धरलेलं असतं, एवढं शिकवलं, एवढे क्लास लावले.

तरीही सेवा म्हणजे काय ते विचारलंत म्हणून एका माणसाचं सांगते, मठवासी म्हटलं की मला तोच आठवतो. ब्रदर ल्यूक. फ्रेंच डॉक्टर, ट्रॅपिस्ट झाले आणि १९४६ साली अल्जीरियातल्या डोंगरात तिबिरीन नावाच्या गावाजवळच्या मठात गेले. आजूबाजूची वस्ती सगळी मुस्लिम. मठात एक दवाखाना, तिथे हे गावातल्या लोकांना तपासायचे, पैसे न घेता, पन्नास वर्षं. स्वतःला दम्याचा त्रास, आणि मठाचा स्वयंपाकही बऱ्याचदा यांच्याकडेच. कोणाला बाटवलं नाही, तो विषयच नव्हता. नव्वदच्या दशकात तिकडे यादवी पेटली, परदेशी लोकांना देश सोडा म्हणून धमक्या आल्या, हत्यारबंद लोक मठाच्या दारापर्यंत येऊन गेले, तेव्हा मठातल्या सगळ्यांनी बसून पुन्हा पुन्हा विचार केला की जायचं की राहायचं, आणि राहिले. शेजारी राहतायत तर आपण कसे जाणार. मार्च १९९६ मध्ये सात जणांना पळवून नेलं आणि मे महिन्यात त्यांचे मृत्यू जाहीर झाले, ल्यूक तेव्हा ८२ वर्षांचे. चर्चने २०१८ मध्ये त्यांना 'धन्य' घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. तुमच्या मुलाला असं मरण येईल म्हणून सांगत नाहीये हो, घाबरू नका, केरळात तो बहुधा गाई सांभाळेल. सांगायचं हे की पन्नास वर्षं एकाच जागी राहिलेला माणूस शेजाऱ्यांचा कोण होऊन बसतो ते बदली होणाऱ्याला कळणं कठीण.

गाईंचं मी गमतीत म्हटलं नाही. केरळात वागमोणच्या डोंगरावर कुरिसुमला आश्रम आहे, १९५८ साली फ्रान्सिस आचार्य नावाच्या बेल्जियन संन्याशाने आणि बीड ग्रिफिथ्स या इंग्रज संन्याशाने तिथे सुरुवात केली, भगवी वस्त्रं, जमिनीवर बसून जेवण, आणि पोटापाण्यासाठी दूध. स्वतःच्या कष्टावर जगायचं हा बेनेडिक्टचा नियमच आहे, भिक्षा नाही. तुमचा मुलगा नेमका कुठल्या मठात जातोय ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण कुठेही गेला तरी हाताने काम चुकणार नाही, आणि लॅपटॉपवर पाठ वाकवलेल्या पोराला पहिले सहा महिने ते भारी जातं असं ऐकलंय.

आता माझं एक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी दक्षिणेतल्या एका मठाच्या पाहुणेघरात तीन रात्री काढल्या, लेखनासाठी शांतता पाहिजे असलं काहीतरी खूळ होतं. पहाटे पावणेचारला घंटा. मी चरफडत शाल गुंडाळून गेले, म्हटलं बघू तर खरं. अर्धे लोक खोकत होते. स्तोत्रं म्हणायला सुरुवात झाली, एक ओळ या बाजूने एक त्या बाजूने, आणि एक म्हातारे ब्रदर दुसऱ्याच स्तोत्राला चक्क झोपले, मान छातीवर. शेजारच्या तरुण ब्रदरने त्यांना उठवलं नाही. पान उलटायची वेळ आली की आधी हात लांबवून त्यांच्या पुस्तकाचं पान उलटायचा, मग स्वतःचं. तासभर. मध्येच म्हाताऱ्यांना जाग आली तर पान बरोबर समोर, ते तिथून म्हणायला लागले, जसं काही मधे काही झालंच नाही. नाश्त्यानंतर तेच ब्रदर पडवीत तांदूळ निवडताना दिसले. मी विचारलं, झोप येते ना पहाटे? तर म्हणाले, चाळीस वर्षं येतेय.

तुमच्या 'म्हातारपण कोण बघणार' या प्रश्नातला अर्धा प्रश्न त्याच्या म्हातारपणाचा आहे असं मला वाटलं, आई ती आई, म्हणून हे सांगितलं. बेनेडिक्टचा नियम आजाऱ्यांना सगळ्याच्या आधी ठेवतो. त्याला बघणारं कोणीतरी असेल.

राहिला तुमचा अर्धा. तिथे मी इतकी मवाळ नाही. आईबाप खरंच अशा परिस्थितीत असतील की मुलाशिवाय त्यांचं चालणारच नाही तर त्याने मठात जाऊ नये, हे मी नाही म्हणत, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या संत-धर्मपंडिताने लिहिलंय, ते तुमच्या फादरांना विचारून बघा. पण ताई, तुमच्याकडे पेन्शन आहे, स्वतःचं घर आहे, दोघंही हिंडतेफिरते आहात. आज गरज पैशाची नाहीये, सोबतीची आहे, आणि सोबत तर ऐरोलीला नोकरी करणारा मुलगा तरी किती देतो? रात्री दहाला येणार, कानात हेडफोन. पुढे कोणाचं मोठं आजारपण आलं तर गंभीर कारणासाठी मठाबाहेर राहायची परवानगी मिळायची सोय चर्चच्या कायद्यात आहे, ती त्या मठात प्रत्यक्षात कशी देतात ते आत्ताच, तो जायच्या आधी, मठाधिपतींना तोंडावर विचारा. लाजू नका. तो प्रश्न त्यांना नवीन नाही.

कर्जाचं तर सरळच आहे. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्याला घेऊच नये असं चर्चचा कायदा सांगतो. तेव्हा फ्लॅट विकायचा, भाड्याने देऊन हप्ते भागवायचे, की दोन वर्षं नोकरी करून फेडून मग जायचं, हे त्याने कागदावर मांडून दाखवायला हवं, आणि वडिलांसमोर. हे त्याचं काम आहे, तुमचं नाही. आणखी एक, पहिली व्रतं घ्यायच्या आधी आपल्या मालमत्तेचा कारभार कोणाकडे ते ठरवावं लागतं आणि अखेरच्या व्रतांआधी कोर्टात टिकेल असं मृत्युपत्र करावं लागतं. वकिलाला पाच-दहा हजार गेले तरी चालतील पण हे तोंडी ठेवू नका, पुढे बहीणभावात उगाच कडवटपणा नको.

आणि 'कायमचं' हा शब्द त्याने त्या रात्री जेवताना टाकला तो चुकला त्याचं. कायमचं एवढ्यात काही होत नाही. आधी नुसतं राहून बघायचं, मग पोस्ट्युलंट म्हणजे उमेदवार म्हणून काही महिने, मग नॉव्हिशिएट म्हणजे नवशिक्याचा काळ, तो किमान एक वर्ष, मग तात्पुरती व्रतं किमान तीन वर्षं आणि ती वाढत वाढत नऊपर्यंत जाऊ शकतात, त्यानंतर कुठे अखेरची व्रतं. नॉव्हिशिएटमधून तो कधीही बॅग भरून येऊ शकतो आणि मठही त्याला घरी पाठवू शकतो. बेनेडिक्टने तर म्हटलंय की नवीन आलेल्याला सहज आत घेऊच नका, चार-पाच दिवस दार वाजवू दे, तरी गेला नाही तर मग बघू. म्हणजे अडवायचं काम तुमच्यापेक्षा मठच चोख करतो. तुम्ही त्यात उतरलात तर एकच होईल, त्याच्या मनात शंका आली तरी तो ती तुमच्याशी बोलणार नाही, कारण मग तुम्ही जिंकलात असं होईल. अडवणं पाप आहे का मला माहीत नाही, पण अडवण्याने हे नुकसान नक्की होतं.

आता ती मुलगी. मोडलं त्याला दोन वर्षं झाली, मधे त्याने नोकरी सोडली नाही, दोनदा राहून आला. रागाने निघालेला माणूस इतका दम धरत नाही, असं मला वाटतं, पण वाटण्यावर जाऊ नका. त्याला 'का' विचारू नका, 'का'ची उत्तरं पाठ असतात. त्याला विचारा, तिथे तुला काय आवडत नाही? डोंगर छान, शांतता छान, एवढंच सांगितलं तर त्याने अजून मठ पाहिलेलाच नाही, फोटो पाहिलाय. पण अमका ब्रदर बेसूर गातो आणि मला त्याच्याच शेजारी उभं राहावं लागतं, किंवा भाताचा कंटाळा येतो, असं काही सांगायला लागला तर समजा पोरगा तिथे खरंच राहिलाय. आणि हो, झोप उडालीय, मित्र तोडलेत, जेवण कमी झालंय असं काही दिसत असेल तर आधी चांगला काऊन्सेलर, मग मठ. मन आजारी असताना घेतलेला निर्णय मठालाही नको असतो, कित्येक ठिकाणी तशी चाचणीच घेतात. ट्रेकचं खोटं बोलला त्यावर मात्र खुशाल रागवा. सत्यासाठी आयुष्य द्यायला निघालेल्याने आईला खोटं सांगून सुरुवात करावी म्हणजे काय!

मिस्टरांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण सगळ्यात अवघड तेच आहे. बापलेक बोलत नाहीत म्हणून तुम्ही पोस्टमन झालायत, हे त्याला सांग, ते त्यांना सांग. ते बंद करा. दोघांना एकत्र काहीतरी कामाला लावा, कर्जाचे कागद हे उत्तम निमित्त आहे, बँकेतल्या माणसाला हप्त्याचा तक्ता दिसला की तो गप्प बसू शकत नाही, माझे वडील तसेच होते.

एक गोष्ट तुमच्यासाठी आणि ज्यांच्या घरात असंच काही चाललंय त्या सगळ्यांसाठी, मुलगी कार्मेलच्या (कार्मेलाईट सिस्टरांच्या) मठात जाते म्हणतेय त्यांनाही आणि मुलगा रामकृष्ण मठात निघालाय त्यांनाही. आपल्याकडे संन्यास म्हटलं की परतीची वाट बंद हे डोक्यात घट्ट बसलंय. विठ्ठलपंत गुरूच्या सांगण्यावरून परत संसारात आले तर त्यांचं आणि त्या चार पोरांचं लोकांनी काय केलं ते मराठी माणसाला सांगायला नको, मग तो कुठल्याही धर्माचा असो. म्हणून जायच्या आधीच मुलाला एकदा स्पष्ट शब्दांत सांगा, की आलास परत तर तुझी खोली आहे, कोणी टोमणा मारणार नाही, मावशीसुद्धा नाही. हे ऐकलेलं मूल जाणार असेल तर मोकळ्या मनाने जातं, आणि यायचं असेल तर वेळेवर येतं. नाहीतर लाजेपोटी तिथेच कुढत राहणारेही असतात, मला अशी दोन पत्रं आलेली आहेत. उलटही होतं बरं का. गोन्सालोंना जपानात जेजुईटांमध्ये जायचं होतं, ते जमलं नाही, मग कितीतरी वर्षं व्यापार केला आणि शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कनांनी घेतलं. तुमचा मुलगा कर्जासाठी दोन वर्षं थांबला तर त्याचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, काही विरघळून जाणार नाही, असं त्याला माझ्यातर्फे सांगा.

आणि जाऊन बघा हो एकदा, दोघंही. जवळजवळ प्रत्येक मठात पाहुणेघर असतं, पाहुणा ख्रिस्तासारखा मानायचा हा त्यांचा नियम आहे, तेव्हा हाकलणार नाहीत. फोन किती, पत्रं किती, घरी यायला कधी मिळतं, हे मठागणिक वेगळं असतं, ते तिथेच विचारून लिहून घ्या. मौनाचं व्रत वगैरे काही नसतं, कमी बोलतात एवढंच, त्यामुळे मुलगा मुका होईल ही भीती असेल तर काढून टाका. ऐन पावसाळ्यात जाऊ नका, स्वेटर घ्या, पहाटेच्या प्रार्थनेला एकदा तरी उठा आणि मिस्टरांनाही उठवा.

जाताना सुकेळी नेणारच तुम्ही, वसईची आई रिकाम्या हाताने कशी जाईल. फक्त आधी सांगून ठेवते, आईने आणलेलं असलं तरी ते मठाधिपतींच्या हातात जातं आणि कोणाला द्यायचं ते तेच ठरवतात, बेनेडिक्टने याचंही एक प्रकरण लिहून ठेवलंय. तेव्हा जरा जास्त न्या. तीस जणांत वाटली तरी त्याच्या वाट्याला एक यायला पाहिजे.